क्लचमधली बुचं

बाबा गेल्यानंतर त्यांची मोटारसायकल मी पहिल्यांदा चालू केली, तेव्हा ती माझं ऐकेना. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं. गाडी ऐकते किंवा ऐकत नाही असं म्हणणं मला शोभत नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुठल्याही यंत्राचं काही बिनसलं की घरातले सगळे माझ्या तोंडाकडे बघतात आणि मला नीट बोलावं लागतं. पण त्या दिवशी जे घडलं त्याला याहून बरं वाक्य मला अजून सापडलेलं नाही.

गाडी जुनी टू-स्ट्रोक. माझ्या जन्माच्या आधीची. हिची किक आणि गिअर एकाच दांडीवर. किक मारून झाली की तीच दांडी पुढे वळवायची, मग ती गिअरची होते. बाबांनी मला ती अंगणात शिकवली होती, पाय पुरायला लागले त्या वर्षी. ते गेल्यावर बरेच महिने ती पडवीत उभी होती, वर जुनी चादर टाकलेली. एका रविवारी सकाळी मी चादर काढली, टाकीत पेट्रोल घातलं, आणि किक मारली. बऱ्याच किका खाऊन ती चालू झाली. निळा धूर पडवीत भरला. आई आतून दारात येऊन उभी राहिली, ओले हात पदराला पुसत.

मी बसले. डाव्या हाताने क्लच पूर्ण दाबला आणि पहिला गिअर टाकला.

क्लच दाबलेला असताना गाडी जागची हलायला नको. इंजिन आणि चाक यांचा संबंधच तेव्हा तुटलेला असतो. पण गिअर पडल्याबरोबर गाडीने झटका दिला आणि ती पुढे निघाली. पुढून कुणी दोर बांधून ओढावं तशी. मी क्लच आणखी आवळला, पुढचा ब्रेक दाबला, तरी ती अंगण ओलांडून गेली आणि फाटकाजवळच्या पाण्याच्या ड्रमला धडकून बंद पडली. ड्रम हिंदकळला.

आई तिथूनच म्हणाली, "त्यो हातातला दाबला व्हतास?"

"क्लच. हो, पूर्ण दाबला होता."

"मंग?"

मी क्लचची दांडी पुन्हा एकदा दाबून पाहिली. आईला उत्तर बहुतेक आधीच सुचलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. गाडीचं तोंड जिकडे होतं तिकडे बघत होती. आमच्या अंगणापुढे रस्ता, रस्त्यापलीकडे पूर्वी आमची भातशेती होती तिथे आता कंटेनरच्या थप्प्या, आणि दोन थप्प्यांच्या फटीतून खाडीचा एक तुकडा दिसतो. तेवढाच.

इथे बाबांचं सांगायला हवं, नाहीतर आईचं बघणं कळणार नाही. बाबा एका कंटेनर यार्डात कामाला होते. यार्डातून घरी यायचा रस्ता सरळ आहे, खाडीकडे वळायचं काही कारणच नाही. पण त्या संध्याकाळी ते जुन्या धक्क्यावर सापडले. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. ज्यांना ते सापडले त्या गाववाल्यांनी सांगितलं की बाबा पायरीवर पाण्याकडे तोंड करून बसले होते, आणि त्यांच्या मागे गाडी धक्क्याच्या कठड्याला पुढचं चाक टेकवून उभी होती. स्टँडवर नाही, नुसती टेकलेली. इंजिन चालू होतं.

काका म्हणाले, छातीत कळ आली की माणूस भरकटतो. सगळ्यांनी ते मान्य केलं. आईने तेव्हाही काही म्हटलं नव्हतं.

त्या रविवारी मात्र ती म्हणाली, "तवा पन असंच नेलं आसंल."

"कुणी?"

"हिनं." आणि तिने ओल्या हाताने गाडी दाखवली. त्याच दुपारी तिने फोन करून भंगारवाल्याला सांगितलं. अमावास्येच्या आत घरातली वस्तू बाहेर काढायची नाही म्हणून तो अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी येणार होता.

बाबांचं म्हणावं असं घरात फारसं काही उरलं नव्हतं. कपडे वाटून झाले होते. फोन जुना होता, तो बंदच पडला. ही गाडी गेली असती तर मला बाबांची पाठ आठवायला जागा उरली नसती. लहानपणी मी त्यांना मागूनच जास्त पाहिलंय, या सीटवरून. हे आईला सांगायला मला जमलं नाही. मी वेगळंच बोलले.

"आई, हा क्लचचा फॉल्ट आहे. आतल्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या की असं होतं. मी फॉल्ट काढून दाखवते. मग तर ठेवशील?"

"आनि नाय निघाला तर?"

"तर दे भंगारात."

तिने काढून ठेवलेली चादर उचलून तिची घडी केली. मग "बग," म्हणाली आणि आत गेली.

मी एकटीने क्लच कधी उघडला नव्हता. कॉलेजात कापून ठेवलेलं एक मॉडेल आहे, चकचकीत, लाल-पिवळा रंग दिलेलं, त्याला तेलाचा वास नाही. म्हणून मी मामाला बोलावलं. मामा तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत मेन्टेनन्सला आहे आणि कामोठ्यात राहतो. आईचा धाकटा भाऊ, तिला बाय म्हणतो. बोलायला लागला की थांबत नाही. अमावास्येच्या आदल्या दिवशी त्याची सुट्टी होती. नव्या प्लेटा त्यानेच कुठूनतरी मिळवून आणल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून.

"काय इंजिनियरीनबाय," तो फाटकातूनच म्हणाला, "टूलकिट हाय का नुसतं कॅल्क्युलेटर?"

"पाने आहेत बाबांचे."

"तुझ्या बापाचे पाने म्हंजे एक धड नाय. बोल्ट गोल करून ठेवनारा मानूस." मग आईकडे बघून आवाज उतरवला. "बाय, चाय टाक. तू नको इथं उभी ऱ्हाऊ. तू बघत ऱ्हायलीस की माझ्या हातातून स्क्रू पडतात."

"तुझ्या हातातून लगनात हार पन पडला व्हता," आई म्हणाली आणि आत गेली. बऱ्याच दिवसांनी ती असं काही बोलली. मला बरं वाटलं.

आम्ही गाडी स्टँडवर घेतली, खाली घमेलं ठेवलं आणि डाव्या बाजूच्या कव्हरखालचा तेलाचा बोल्ट सोडला. क्लच याच कव्हरच्या आत, तेलात बुडालेला असतो. तेल काळं असायला हवं होतं. ते करड्या रंगाचं निघालं, दाट, चिखलासारखं. आणि वास आला.

मामाचं बोलणं मध्येच थांबलं. त्याने बोट बुडवून नाकाशी नेलं.

"पानी गेलंय आत," तो म्हणाला.

पण पाण्याचा वास असा नसतो. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो, तिवरांची मुळं वर येतात, तेव्हा उन्हाने जो वास सुटतो तो होता. आम्ही दोघं त्याच वासात वाढलेलो आहोत, त्यामुळे चूक होण्यासारखी नव्हती. पण दोघंही तसं म्हणालो नाही. मामाने हात पुसले आणि कव्हरचे स्क्रू काढायला घेतले. एकेक स्क्रू ठोकून सोडवावा लागला.

कव्हर निघालं. आत क्लचचा डबा दिसतो, भाताच्या डब्याएवढा, त्यात प्लेटा एकावर एक रचलेल्या. एक प्लेट साधी लोखंडी, एक बुचं बसवलेली, पुन्हा लोखंडी, पुन्हा बुचाची, अशी भाकऱ्यांसारखी चवड. स्प्रिंगांनी ती चवड दाबून धरलेली असते. क्लच दाबला की दाब सुटतो आणि प्लेटा मोकळ्या होतात. आम्ही स्प्रिंगा काढल्या. आता प्लेटा हाताने सुट्या व्हायला हव्या होत्या. त्या झाल्या नाहीत. सगळी चवड एका गोळ्यासारखी बाहेर आली.

"बघ," मी म्हटलं, "चिकटल्यात. म्हणूनच ओढत होती." माझा आवाज जरा जास्तच मोठा झाला असावा. आत आईला ऐकू जावं असं मला वाटत होतं.

मामाने पहिल्या दोन प्लेटांच्या मध्ये स्क्रूड्रायव्हर घातला आणि पिळला. चर्र असा ओला आवाज झाला, आणि मग सुटल्याचा एक टक. पुन्हा चर्र, पुन्हा टक.

आतून आई म्हणाली, "कालवं कोन फोडतंय?"

मामाचा हात थांबला. खडकाला चिकटलेली कालवं आई कोयत्याने सोडवते तेव्हा असाच आवाज होतो. बरोबर असाच. आमच्याकडे कालवं आणून कित्येक महिने झाले होते.

"कोनी नाय, बाय," मामा म्हणाला. "प्लेटा हायत." आणि मग माझ्याकडे प्लेट धरून, हळू आवाजात, "ही बुचं बघ गो."

कंपनीच्या प्लेटेत बुचाचे तुकडे एकसारखे असतात, साच्यातून काढल्यासारखे. या प्लेटांमधले तुकडे हाताने कापलेले होते. एकाची कड तिरपी, एकाला पात्याच्या रेघा. रंग तपकिरी नाही, जवळजवळ काळा. आणि एका तुकड्याच्या कापलेल्या कडेला अर्धं गोल भोक होतं. त्या भोकात दोरीचा एक तंतू अडकलेला होता, डांबर लावलेला.

मी ते बघत राहिले, आणि मला लॉकडाऊन आठवला. सगळी दुकानं बंद, पण यार्ड चालू, बाबांना रोज ड्युटीवर जावं लागायचं. गाडीचा क्लच गेला होता आणि प्लेटा कुठेही मिळत नव्हत्या. मी खोलीत मोबाइलवर लेक्चर ऐकत होते आणि खिडकीतून बाबा पडवीत बसलेले दिसत होते, हेक्सॉच्या पात्याने काहीतरी कापत, पॉलिश पेपरवर घासत. मी बाहेर आले तर त्यांनी एक तुकडा माझ्या नाकाशी धरला.

"वास घे," ते म्हणाले. "आज्याचा वास हाय."

मी आजोबांना पाहिलेलं नाही. मी वास घेतला आणि तोंड वाकडं केलं, आणि बाबा हसले होते.

"मामा," मी म्हटलं, "हे जाळ्याचं आहे. जाळं तरंगायला वरच्या दोरीला बुचं बांधायचे ना, त्यातलं."

मामाने तो तंतू नखाने ओढून पाहिला. त्याच वेळी आई चहाचे कप घेऊन आली. तिने प्लेट पाहिली. कप खाली ठेवताना तिने ते जपून ठेवले, एकही थेंब सांडू न देता. मग ती घराच्या मागे गेली. आम्ही तिच्या मागे गेलो.

मागच्या शेडमध्ये आजोबांचं जाळं टांगलेलं आहे. मी जन्मल्यापासून ते तिथेच आहे, आणि त्याला हात लावायचा नाही एवढंच मला माहीत होतं. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. लहानपणी वाटायचं, फाटेल म्हणून. आईने वरच्या दोरीवरून बोटं फिरवली. एका टोकाकडे बुचं एकापुढे एक होती, आणि मग दोरी मोकळी. तिथे कापल्याच्या खुणा होत्या. दात पडलेल्या तोंडासारखी ती दोरी दिसत होती.

"या जाळ्यात मानूस आला व्हता," आई म्हणाली.

तिने सांगितलं ते थोडक्यात असं. तिचं लग्न व्हायच्या आधी आजोबा एकदा खाडीवर गेले आणि जाळं जड लागलं. ओढलं तर त्यात बुडालेला माणूस. कुणाचा, कुठला, कळलं नाही. न्यायलाही कुणी आलं नाही. गावानेच त्याचं केलं. तेव्हापासून ते जाळं टांगलं. आमच्या घरात तशी रीत आहे, माणूस आलेलं जाळं पुन्हा टाकायचं नाही, विकायचं नाही, जाळायचं नाही. ते टांगून ठेवायचं आणि आपलं आपण कुजू द्यायचं. त्यातली गाठही दुसऱ्या कामाला वापरायची नाही.

"त्याला म्हाईत व्हतं?" मामाने विचारलं. बाबांविषयी.

"म्हाईत नसंल कसं? त्याचाच बाप." आई दोरी सोडून मागे सरली. "पन तो असल्याला मानायचा नाय. म्हनायचा, बूच म्हंजे बूच."

पडवीत परत येऊन आम्ही बसलो. चहावर साय धरली होती. मला बोलायलाच हवं होतं, कारण भंगारवाला परवा यायचा होता. मी प्लेट हातात घेऊन सावकाश सांगितलं. बुचं वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात होती. मीठ त्यांच्यात मुरलेलं. ती तेलात घातली तरी मीठ जात नाही. मिठाने शेजारच्या लोखंडी प्लेटा गंजल्या, गाडी महिनोन् महिने उभी राहिली, आणि गंज आणि बूच एकमेकांना धरून बसले. म्हणून क्लच दाबला तरी प्लेटा सुटत नव्हत्या. नव्या प्लेटा घातल्या की हे होणार नाही. यात दुसरं काही नाही.

आईने शेवटपर्यंत ऐकलं. ती माझं बोलणं नेहमी असंच ऐकते, जणू मी तिच्या बाजूने कुठल्यातरी साहेबाशी बोलतेय.

"तू सांगतेस ते खरं आसंल," ती म्हणाली. "पन चालती गाडी व्हती तवा. रोज यार्डात जायची, रोज घरी यायची. त्या दिवशी धक्क्यावर कशाला गेली, ते तुझ्या पुस्तकात हाय?"

"नाही."

"मंग."

मामा घसा खाकरून म्हणाला, "बाय, पोरगी म्हनते ते मान. आता बुचं निघाली ना बाहेर. टेन्शन संपलं."

"बाहेर कुठं निघाली? माझ्या पडवीत हायत." आई उठली. बाबांचा जुना पंचा घेऊन आली आणि तो जमिनीवर पसरला. "सगली काढ. तुकडा ऱ्हाता कामा नये. उद्या अमावास्या हाय, पानी लांब जातं. दुपारच्याला ओहोटीवर सोडायची. ज्या गाडीनं नेली तिनंच पोचवायची. मी येते मागं बसून." मग थोडं थांबून, "गाडी नीट गेली आनि नीट आली, तर ऱ्हाऊ दे घरात."

हे असं करतात का, असं मामाने विचारलं. आई म्हणाली, "मला काय म्हाईत. सासूनं टांगून ठेवायचं सांगितलं, कापल्यावर काय करायचं ते सांगितलंच नाय. कोन कापील असं तिला वाटलं पन नसंल."

मी आणि मामाने प्लेटांमधली बुचं एकेक करून काढली. ती सहज निघत नव्हती. पंच्यात पडताना आवाज होत नव्हता.

बुचाच्या नव्या प्लेटा बसवायच्या आधी रात्रभर तेलात भिजत ठेवाव्या लागतात. कोरड्या बसवल्या तर जळतात. मी जुन्या पातेल्यात तेल ओतून त्या बुडवल्या. मामाला पहाटेची शिफ्ट होती, तो गेला. जाताना म्हणाला, "बसवायला तुला येतंय. अडलं तर व्हिडिओ कॉल कर. पन हसू नको मला, युनिफॉर्मवर असतो मी." सकाळी मी बघितलं तर पातेल्यावर ताट झाकलेलं होतं आणि ताटावर पाट्याचा वरवंटा ठेवला होता.

"हे कशाला?" मी विचारलं.

"उगाच," आई म्हणाली.

वरवंटा काढताना, मान्य करते, मी क्षणभर थांबले. ताट उचललं. प्लेटा तळाशी शांत होत्या. त्यांच्यातून बारीक बुडबुडे अजून वर येत होते, एकामागून एक, आणि पृष्ठभागावर येऊन फुटत होते. बुचातली हवा निघते, तेल आत शिरतं. मला ते माहीत आहे. पण मी ते पुरेसं बघितलं आणि मग नजर दुसरीकडे वळवली.

क्लचचा डबा मी रॉकेलने धुतला. नव्या लोखंडी प्लेटा आणि बुचाच्या प्लेटा आलटून पालटून रचल्या. स्प्रिंगा दाबून पिना घालताना हाताची दोन बोटं सोलली. कव्हर, नवं पॅकिंग, स्क्रू, तेल. शेवटी क्लचच्या दांडीला थोडी ढील राहील अशी केबल लावली. किक मारली. क्लच दाबून पहिला गिअर टाकला, आणि डोळे मिटले.

गाडी जागची हलली नाही. टक झालं, आणि ती उभी राहिली, गुरगुरत, माझी वाट बघत. मी क्लच सावकाश सोडला तेव्हाच ती निघाली.

मी आईकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही सुटल्यासारखं मला दिसलं नाही. ती पंच्याची गाठ हातात घेऊन तयार उभी होती.

आई एका बाजूला पाय टाकून बसली, गाठोडं मांडीवर. दुपारचं ऊन होतं. यार्डांच्या भिंती, त्यांच्यावरून डोकावणारे कंटेनर, रस्त्याच्या कडेला ट्रेलर उभे करून झोपलेले ड्रायव्हर. मग डावीकडे कच्चा रस्ता फुटतो आणि दोन्ही बाजूंना तिवरं लागतात. आतून तळ्याकाठच्यासारखी गार हवा येते. त्या रस्त्यावर वळताना मला गाडी वळवावी लागली नाही असं वाटलं. उतार आहे तिथे थोडा. तो मी नंतर मुद्दाम जाऊन बघितला, आहे.

धक्क्यावर कुणी नव्हतं. आता तिथे होड्या लागत नाहीत. पाणी खूप खाली गेलं होतं आणि अजून जात होतं, आवाज न करता, वेगाने. एक चप्पल वाहत गेली, एक नारळ गेला. मी गाडी कठड्यापासून लांब, स्टँडवर लावली, आणि किल्ली काढून मुठीत धरली. आई पायऱ्या उतरली. ज्या पायरीवर बाबा बसले होते त्या पायरीवर ती थांबली नाही, तिला ओलांडून खाली गेली. गाठ सोडली आणि पंचा पाण्यावर झटकला.

बुचं पडली आणि तरंगली. मला वाटलं होतं ती त्या चपलेसारखी लगेच निघून जातील. ती गेली नाहीत. पायरीजवळ ती आधी एकत्र फिरली, आणि मग हळूहळू एकामागे एक लागली. एका ओळीत, मध्ये सारखं अंतर ठेवून, जाळ्याच्या दोरीवर असतात तशी. दोरी नव्हती. पायऱ्यांशी पाण्याला भोवरा असतो, त्यामुळे असं होत असेल. ती ओळ तशीच थरथरत उभी राहिली, पाणी तिच्या दोन्ही बाजूंनी समुद्राकडे निघून जात होतं.

आई वर आली. "चल. आता मागं बघायचं नाय. काय जालं तरी."

मी किक मारली. ती मागे बसली, तिचा हात माझ्या खांद्यावर आला. मी मान सरळ ठेवली. मला खरंच बघायचं नव्हतं. आई म्हणाली ते मी मानायचं ठरवलं होतं, विश्वासाने म्हणा किंवा भीतीने. पण गाडीला उजव्या हँडलवर आरसा आहे. मयतीहून परतताना मागे बघायचं नाही हे आम्हा सगळ्यांना लहानपणापासून माहीत असतं, पण ज्यांनी ते ठरवलं ते चालत परतायचे. आरसा झाकायला हवा हे आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नाही.

गाडी निघाली आणि माझी नजर सवयीने आरशात गेली.

आरशात पाणी दिसलं नाही. आई दिसली. तिने कमरेतून वळून पूर्ण मागे बघितलं होतं. माझ्या खांद्यावर तिचा एक हात होता आणि दुसरा हात तिने वर उचलला होता, छातीपर्यंत, पंजा उघडा. कुणाला थांब म्हणताना किंवा कुणाला ये म्हणताना आपण हात तसाच उचलतो. तिचे ओठ हलत होते. इंजिनच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.

मी नजर रस्त्यावर आणली. तिवरं संपेपर्यंत पुन्हा आरशात बघितलं नाही.

मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी ट्रेलरची रांग अडली होती. मी थांबले, क्लच दाबला, गिअर तसाच ठेवला. मुद्दाम. ब्रेकवरून पाय काढला. गाडी उभी राहिली. पुढे ट्रेलरचा धूर, मागे आई. तिचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला, आणि मला जाणवलं की तीही श्वास रोखून वाट बघते आहे.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "हलत नाय."

"नाही."

"जरा पन नाय?"

"जरापण नाही, आई."

रांग सुटली. घरापर्यंत तिचं वजन मला मागे जाणवत होतं, आणि रस्त्याच्या खड्ड्यात ते जेवढं जाणवावं तेवढंच होतं. हे मी का तपासत होते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला टेम्पो घेऊन फाटकाशी आला. मी पडवीत गाडीला खेटून उभी राहिले. आईने त्याला घरामागचा फुटका ड्रम दिला, बाद झालेला पंखा दिला. त्याने गाडीकडे बोट केल्यावर म्हणाली, "ती नाय. ती चालू हाय."

टेम्पो गेला. मला आनंद झाला होता आणि तो कसा दाखवावा कळत नव्हतं. मी फडकं घेऊन टाकी पुसायला लागले. आई दारात उभी राहून बघत होती, ओले हात पदराला पुसत. मग ती पायऱ्या उतरून जवळ आली, गाडीच्या उजव्या बाजूला उभी राहिली, आणि आरशावर हात ठेवून त्याचं तोंड जमिनीकडे वळवलं.

"गाडी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ह्यो तेवढा काढून टाक."

मी पाना आणला आणि तो काढला.